कोणाच्याही दबावाशिवाय

“मग सही करू का नको, तेवढं सांगा माई.”

गिरजामाई तूरडाळ निवडत होत्या. टेकडीवरच्या मठात कोणी आलं की त्या ‘बस’ म्हणत आणि आपलं काम चालू ठेवत.

समोर सारिका. तिला संधिवात होता. सकाळी बोटं उघडायची नाहीत. मागल्या सोमवारी दोन वर्षांची लेक तिच्या हातातून निसटून उंबऱ्यावर पडली. जिल्ह्याच्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी निघाली होती. तिथं उद्या हो किंवा नाही कळवायचं होतं.

“निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय मिळालं ते डॉक्टरलापण माहीत नसतं म्हणे. लिव्हरला त्रास होऊ शकतो. अन् नाही घेतलं, तर हात हे असे...”

“घरी काय म्हणतात?”

“हे म्हणतात घे. भाऊ म्हणतो थांब. सासूबाई म्हणतात, आधी उंदरांवर करून बघा म्हणावं.”

“मग?”

“मग काय, तुमच्याकडं आले. बाकीच्या बाया तुम्हाला विचारतात अन् घरी जाऊन आपलंच करतात. मी तशी नाही. तुम्ही सांगाल ते करीन.”

“कागद आणलायस? वाच शेवटचं.”

सारिकानं अडखळत वाचलं. “‘मला सर्व समजले आहे. कोणाच्याही दबावाशिवाय, मी माझ्या मर्जीने भाग घेत आहे. मी कधीही यातून बाहेर पडू शकते.’”

“हे तू लिहून देणार?”

“हो.”

“अन् ते मी सांगितलं म्हणून.”

सारिका हसली. “कागदावर असंच असतं हो माई. माझ्या लग्नातपण पसंती विचारलेली. मामांनीच हो म्हणून टाकलं.”

माईंनी सूप बाजूला सारलं. कोनाड्यातली शाईची डबी काढली.

“आण इकडं. मीच अंगठा उठवते.”

“तुम्ही?”

“तुझ्या डोक्याला ताप नको.”

माईंनी अंगठा शाईवर दाबला. कागदाकडं नेला. आता टेकणार...

सारिकानं कागद ओढून घेतला. बोटांत कळ उठली, तरी सोडला नाही.

“अहो माई! गोळी मी गिळणार. लिव्हर माझं. लेक माझी.”

“असं होय,” माई म्हणाल्या. अंगठा फडक्याला पुसला. सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

सारिकानं कागदाची घडी घातली.

मग सारिका हळूच म्हणाली, “अन् माझं चुकलं तर?”

“चुकलं तर तुझं चुकलेलं असेल. आजवर तेवढं तरी कुठं मिळालं होतं तुला?”