आधी कान, मग कुंकू

ही गोष्ट त्या जुन्या काळातली, जेव्हा खुरपं, विळा, कुऱ्हाड घरी आली की त्यांनाही उंबऱ्यात थांबवत, भाकरतुकडा ओवाळून टाकत, हळदकुंकू लावत आणि मगच आत घेत. त्या काळी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक तरुण आई रात्रभर जागी राहिली. कशामुळे? तर एका आवाजामुळे. तेही, यायला हवा होता आणि आला नाही, अशा आवाजामुळे.

झालं होतं असं. तिची लेक आता आईबरोबर निंदणीला येण्याएवढी झाली होती. मूल पहिल्यांदा रानात तण काढायला बसलं की त्याच्या हाती त्याचं स्वतःचं खुरपं द्यायचं, अशी त्या गावची रीत. आईने लोहाराकडून बाभळीच्या मुठीचं एक इवलंसं खुरपं आणलं. सासूने उंबऱ्यातच त्याला कुंकवाचं बोट टेकवलं. त्याच दिवशी लेकीच्या नव्या पोलक्यालाही कुंकू लागलं. ते पोलकं आईने घरीच शिवलं होतं. शिवणकाम तिला जेमतेमच यायचं, म्हणून कुंकू तिने जरा जास्तच लावलं.

संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या तिला माहेर आठवलं. नवं खुरपं आणलं की तिची आई ते दोऱ्याला टांगायची, खड्याने हलकेच ठोकायची आणि सगळ्या पोरांना हाक मारायची. लांबच्या देवळातली घंटा ओढा ओलांडून यावी तसा तो आवाज यायचा आणि विरत विरत जायचा. तो पुरता विरेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हसायचं नाही. मग आई म्हणायची, "आधी कान, मग कुंकू."

तो आवाज पुन्हा एकदा ऐकावा, एवढ्याचसाठी तिने नवं खुरपं दोऱ्याला टांगलं आणि खडा मारला.

बद्द!

फुटकं मडकं वाजावं तसा आवाज. म्हणजे पातं आणि मूठ जोडणाऱ्या मानेत कुठेतरी केसाएवढी चीर होती.

चार बुकं शिकलेली असल्यामुळे तिला एका शंकेतून चार शंका काढता येत. दोरा ओला असेल. खडा मऊ असेल. आपलेच कान बिघडले असतील. की आपल्याला मेलं सगळ्यातच वाईट दिसतं? शेजारी लेक झोपेत मान चोळत होती. तिला गालगुंड तर येत नसेल, ही शंका आईने वर आणखी काढून ठेवली.

सकाळी तिने सासूला हळूच विचारलं, "आत्याबाई, हे खुरपं लोहाराला परत दाखवू का?"

"अगं बाई, कुंकू लागलंय त्याला," सासू म्हणाली. "कुंकू लागलं की अवजार घरचं झालं. घरच्याची खोट चव्हाट्यावर न्यायची नसते."

"पण मान तडकलीये. लेकीच्या हातात तुटलं तर?"

 सासूने आपला उजवा अंगठा पुढे केला. त्याच्या मुळाशी जुना, पांढरा, लांब वण होता. "माझ्या हातात तुटलंच होतं," ती म्हणाली. "तेव्हापासून मान तडकलेली दिसली की ते खुरपं मी वापरतच नाही, माळ्यावर ठेवते. सगळ्याच घरांत ठेवतात. कोणी बोलत नाही, एवढंच."

आई त्या वणाकडे बघत राहिली. मग तिने खुरपं फडक्यात बांधलं, लेकीचा हात धरला आणि ती निघाली. वाटेत लेक सारखी मान वाकडी करत होती. "दुखतंय का गं काही?" आईने विचारलं. लेकीने नुसती मान हलवली. हो की नाही, काही कळेना.

लोहाराचा भाता चालू होता. दोघे-तिघे गावकरी विडी ओढत बसले होते. वाटेत तिने एक लांबलचक, नीटस बोलणं जुळवून ठेवलं होतं. तिथे पोचताच ती ते सगळं विसरली. तिने नुसतं फडकं सोडून खुरपं पुढे केलं.

लोहाराने कुंकू पाहिलं आणि त्याचा हात थांबला. "माझ्या हातचं हत्यार आजवर माघारी आलेलं नाही, बाई. आणि हे तर कुंकू लावलेलं."

गावकरी जमिनीकडे बघू लागले. त्या सगळ्यांच्या घरांना माळे होते.

"कुंकू लावलेली लेक माहेरी येते की नाही, लोहारबाबा?" आईच्या तोंडून निघून गेलं. "दुखलंखुपलं सांगायला?"

भात्यावर बसलेली लोहाराची बायको हसली. "येते की. येऊन काही सांगत नाही, ते निराळं."

"मी सांगायला आलेय," आई म्हणाली. "हे माझ्या लेकीच्या हातात जायचंय. तुम्ही एकदा वाजवून बघा. माझं चुकत असेल तर मी घेऊन जाते."

लोहाराने तोंड फुगवून खुरपं टांगलं आणि ठोकलं. बद्द! पुन्हा ठोकलं. मग त्याने घणाचा एक हलका टोला मानेवर दिला. खुरप्याचे दोन तुकडे ऐरणीखाली पडले.

 लेक पुढे होऊन तुकड्यांकडे बघत राहिली.

"एखाद्या वेळी होतं असं," लोहार पुटपुटला.

तेवढ्यात मागून पाठीवर बोचकं घेऊन सासू आली. तिने ते ऐरणीपाशी सोडलं. आतून गंजलेली खुरपी पडली, प्रत्येकावर वाळलेल्या कुंकवाचा डाग. ते बघून एक गावकरी मुकाट्याने उठून घरी गेला आणि असंच बोचकं घेऊन आला. मग दुसरा.

लोहार त्या ढिगापुढे उकिडवा बसला. एक गंजलेलं खुरपं उचलून म्हणाला, "माझा म्हातारा बाप होता तोवर पाण्याची कुंडी उन्हात असायची. तो गेला आणि मी ती चिंचेखाली सावलीत आणली. ऊन सोसेना मला. सावलीतलं पाणी गारढोण. तापलेल्या लोखंडाला ते एकदम लागतं आणि मान तडकते. चूक एवढीशीच होती. अरे, एकाने तरी सांगायचं!"

"तुमचा मान राखला," एक गावकरी म्हणाला.

"मान राखला आणि अंगठे कापून घेतले," लोहाराची बायको म्हणाली.

त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून कुंडी उन्हात आणली. जुनी खुरपी भट्टीत गेली आणि नवी होऊन निघाली. लेकीसाठी लोहाराने नवं खुरपं घडवलं, टांगलं आणि खडा तिच्याच हाती दिला. तिने ठोकलं. आवाज गेला तो ओढ्यापलीकडे, विरत विरत. तो विरेपर्यंत कोणी बोललं नाही. आईने तोंड फिरवून पदराने डोळे टिपले. माहेरची पडवीच समोर उभी राहिली होती जणू.

तेव्हापासून त्या गावात हत्यार आधी वाजवून घेऊ लागले आणि मग कुंकू लावू लागले. कोणाचा अंगठा पुन्हा कापला नाही आणि लोहाराचं नाव पंचक्रोशीत झालं.

घरी परतताना आईने लेकीला सांगितलं, "लक्षात ठेव हं. आपल्या माणसाची खोट झाकून त्याचा मान राहत नाही, वेळीच प्रेमाने सांगितली तरच राहतो."

लेक जरा वेळ विचार करत चालली. मग थांबली. गळ्यापाशी बोट घालून म्हणाली, "आई, मग सांगू? हे पोलकं मला कालपासून टोचतंय. तू कुंकू लावलं होतंस ना, म्हणून बोलले नाही."