ओढ्याकाठची मधली जागा

एका डोंगरउतारावरच्या जंगलात सातभाईंचा एक थवा राहत असे. मुलांनो, हे मातकट रंगाचे पक्षी तुम्ही पाहिले नसतील तर ऐकले तरी नक्की असतील. सकाळी डोळा उघडला की यांचा कलकलाट सुरू होतो, तो दिवस मावळेपर्यंत काही थांबत नाही. दुपारच्या विसाव्याला हे सगळे एका फांदीवर अंगाला अंग लावून रांगेत बसत. जो दुबळा असेल त्याला मधोमध घ्यायचे, ही त्यांची पूर्वापार रीत. एक जण मात्र शेंड्यावर राखणीला बसे. आभाळात शिक्रा दिसला की तो कर्कश हाक देई आणि सारे जण खालच्या करवंदाच्या जाळीत उड्या घेत. शिक्र्यापुढे पळण्याची ताकद त्यांच्या पंखांत नव्हती, त्यामुळे त्या एका हाकेवरच सर्वांचा जीव होता.

या थव्यातल्या थोरलीला शांतता सोसत नसे. वारा पडला, रातकिडे गप्प झाले की तिच्या कानांत घूं घूं सुरू होई, छाती धडधडू लागे आणि चोचीतला किडा गिळवत नसे. लहानपणी यावरून तिची फार थट्टा झाली. "हिला भुतानं झपाटलंय," असे सगळे म्हणत. शेवटी बिचारीने आपले औषध आपणच शोधले. ओढा खडकावरून खाली पडतो, तिथल्या जांभळावर ती जाऊन बसू लागली. पाण्याचा तो न थांबणारा आवाज कानी आला की तिचा जीव भांड्यात पडे. जांभूळ गर्द होते, सावली दाट होती, म्हणून हळूहळू सारा थवाच तिथे विसाव्याला येऊ लागला.

येत नसे तो फक्त धाकटा. थोरलीनेच त्याला किडे भरवून लहानाचा मोठा केला होता आणि तिचा त्याच्यावर फार जीव होता. ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, चढणीला, एक वठलेला पळस होता. त्याला ना पान, ना सळसळ; पाण्याचा आवाजही तिथवर पोचत नसे. त्या उघड्या झाडावर धाकटा एकटाच बसे आणि मजेत पिसे साफ करी. राखणदाराची हाक आली की सर्वांच्या आधी तोच पळसाखालच्या झुडपात शिरलेला असे. पण हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. ध्यानात आले होते ते एवढेच, की हा आपल्यात बसत नाही.

"आम्ही सगळे इथं आणि हा शहाणा तिथं!" थव्यातला म्हातारा कुरकुरला. "उघड्यावर बसतोय. एक दिवस शिक्रा उचलून नेईल, मग बसा रडत."

थोरलीला वाटले, आपल्याला होते तेच याला होत असणार. त्या पळसावरची शांतताच याला खाते आहे आणि पोराला ते कळत नाही.

"आपल्यावरून जग ओळखावं," म्हातारा म्हणाला. "तू यातून गेली आहेस. तूच त्याला घेऊन ये."

थोरली पळसावर गेली. "चल बाळा, पाण्यापाशी चल," ती म्हणाली.

"नको ताई," धाकटा म्हणाला. "तिथं पाणी आणि तुमची बोलणी एकमेकांत मिसळून जातात. कोण काय बोलतंय काही कळत नाही. डोकं फुटेल असं वाटतं."

"मलाही असंच व्हायचं रे. पाण्यापाशी बसले आणि बरी झाले. तूही होशील."

"पण मला इथं बरंच वाटतंय."

"तुला काय कळतंय!" थोरली मायेने म्हणाली आणि त्याला पंखाने ढकलत घेऊन गेली. तो गेला, कारण बोलावणारी ताई होती.

त्याला रांगेत मधोमध बसवले. एका कानाशी म्हाताऱ्याची बडबड, दुसऱ्या कानाशी थोरलीची, आणि सगळ्यांवर पाण्याचा मारा. धाकटा थरथरू लागला. पुन्हा पुन्हा उठून पळसाकडे पळाला आणि पुन्हा पुन्हा त्याला परत आणले गेले. मग तो चोचीने स्वतःच्याच छातीची पिसे उपटू लागला. थोरलीला ते पाहवेना, पण औषध कडूच असते असे म्हणून तिने मन घट्ट केले.

एके दिवशी तो हळूच म्हणाला, "ताई, मला इथं हाक ऐकू येत नाही. हाक आली तर मला चोच मारशील?"

"अरे, एवढी मोठी हाक! ती का ऐकू येणार नाही?" थोरली हसली. त्याचे तोंड पाहून मात्र म्हणाली, "बरं बाबा, मारीन हो."

त्यानंतर धाकट्याने पळणे सोडले. रांगेत बसायचे, मान पंखाखाली खुपसायची आणि दगडासारखे पडून राहायचे. खाणेही जवळजवळ सुटले. "बघा, कसा गुणी झाला!" म्हातारा म्हणाला, आणि थोरलीला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मग एका दुपारी शिक्रा आला. राखणदाराने हाक दिली आणि सारा थवा जाळीत कोसळला. थोरलीही कोसळली. शिक्र्याच्या भीतीपुढे पंख विचारत बसत नाहीत, दिलेला शब्दही त्यांना आठवत नाही. काट्यांत शिरल्यावर तिला आठवले. तिने वर पाहिले तर फांदीवर धाकटा एकटाच होता, मान पंखाखाली, जसा बसवला होता तसाच. तिने जीव खाऊन हाक मारली. ती पाण्यात विरून गेली. पुढे जे झाले ते तिने उघड्या डोळ्यांनी पाहिले.

शिक्रा गेल्यावर सारे जाळीतून बाहेर आले. थोरली उठून चढणीच्या पळसावर गेली. धाकटा बसायचा ती फांदी त्याच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. तिथे ती बसली. भोवती अगदी सामसूम होती. पाहता पाहता तिच्या कानांत घूं घूं सुरू झाले, छाती फुटायला आली, आणि घडीभरही न बसता ती तिथून पळाली. आपल्याला हे घडीभर सोसले नाही, आणि त्याला न सोसणाऱ्या त्या आवाजात आपण रोज, दुपारभर धरून बसवले! आणि गप्प झाला तेव्हा गुणी म्हटले! ती खूप रडली.

"त्याचं नशीबच खोटं," म्हातारा म्हणाला. "दाट सावलीत असूनही गेला. उघड्यावर असता तर कधीच गेला असता."

"उघड्यावर त्याला हाक ऐकू येत होती," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थवा पुन्हा जांभळावर बसला. मधली जागा रिकामी ठेवायची नाही, ही रीत होती. थोरलीला सरकून धाकट्याची जागा भरायला सांगितले, पण ती सरकली नाही.

तात्पर्य : आपल्याला जे मानवते ते दुसऱ्यालाही मानवेल असे धरून चालू नये. ज्याला सोसावे लागते त्यालाच विचारावे, आणि तो सांगेल ते खरे मानावे.