खोकलोबाचं नाक

फार फार पूर्वीची गोष्ट. तुमच्या खापरपणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची.

एका राज्याच्या वेशीवर एक म्हातारा पहारेकरी होता. त्या राज्याला छळायचा खोकलोबा. मुगाच्या दाण्याएवढा जीव, पण घराची कडी काढून आत शिरला की माणूस अंथरुणाला खिळलाच! तिथली रीत अशी, की एकदा खोकलोबा सापडला की वेशीच्या भिंतीवर गेरूनं त्याचं चित्र काढायचं आणि पहारेकऱ्यानं ते पाठ करायचं. चपटं नाक, दोन शिंगं. म्हाताऱ्याला ते झोपेतही आठवायचं. मिजास तर विचारूच नका.

पुढच्या थंडीत खोकलोबाची पिलावळ आली. चपट्या नाकाचे शंभर म्हाताऱ्यानं चिमटीत धरून चिरडले. मागून एक लांब नाकाचा आला. "राम राम, बाबा!"

"राम राम! या, या," म्हातारा म्हणाला आणि वर त्याला वाटही दाखवली. शहाणाच की नाही?

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची बायको तापानं फणफणली. तिला श्वास पुरेना. "अहो, कोणाला आत सोडलंत?" एवढंच ती कशीबशी म्हणाली.

म्हातारा धावतच वेशीवर गेला आणि त्यानं एक लांबनाक्या पकडला. "बोल, हे सोंग कुणी शिकवलं तुला?"

"शिकतंय कोण?" तो खिदळला. "आम्ही घाईघाईत आपल्याच नकला काढून पिलं बनवतो, पुन्हा तपासत नाही. कुणाला पायच नसतात, कुणाला तोंड. ते खंदकातच मरतात. पण हजारात एखाद्याचं नाक असं चुकतं, की तुम्ही त्याला रामराम घालता!"

"वा रे पठ्ठ्या!" म्हाताऱ्याला राहवेना. "मी एकाच चित्राला चिकटून बसलो, आणि तू चुका करकरून मला मागं टाकलंस!"

कौतुक करता करता त्याची नजर खोकलोबाच्या हातावर गेली. त्यानं आणखी दहा पकडून पाहिले. नाकं दहा तऱ्हांची, पण बोटाची आकडी सगळ्यांची एकच. ती बिघडली तर कडी निघायची कशी?

म्हातारा घरी पळाला. बोटं बघत बघत त्यानं बायकोच्या उशाखालून एकेक खोकलोबा वेचून काढला. चार दिवसांनी ती उठून बसली आणि म्हणाली, "आधी ते वेशीवरचं नाक पुसा!"

म्हाताऱ्यानं नाक पुसलं, त्या जागी आकडीचं चित्र काढलं. शिवाय दर थंडीला तो पाच-दहा खोकलोबा पकडून ती आकडी ताडून बघू लागला. न जाणो, एखाद्या वर्षी तीही बदलायची!

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: रूप बदलणाऱ्या शत्रूवर पहारा द्यायचा, तर आपणही आपलं ज्ञान दरवर्षी नव्यानं तपासलं पाहिजे.