खत खाल्लेलं कुरण

सोनतळच्या राजेसाहेबांना तोंडावर खरं सांगितलं, म्हणून अंताजीपंतांची रवानगी दरबारातून थेट सरकारी गोठ्यात झाली होती. त्याच साली दिवाणजींच्या हुकमानं राजकुरणावर गाड्याच्या गाड्या शेणखत पडलं. पावसाळ्यात गवत कमरेला लागलं, दिवाणजींना सोन्याचं कडं मिळालं आणि गाईंचं दूध मात्र आटलं.

राजेसाहेबांनी पंतांना भर दरबारात उभं केलं. "एवढं गवत माजलंय, मग दूध जातं कुठं? चोरता की काय?"

पंतांनी अपमानाचा तोही घोट गिळला. म्हणाले, "सरकार, कुरणात पूर्वी रानमूग होता, रानमटकी होती, नाना तऱ्हेचा पाला होता. त्यावर गाई भरभरून दूध द्यायच्या. पण खत सगळं एका दांडग्या गवतानंच खाल्लं. ते वर चढलं आणि त्याच्या सावलीत बाकीचं मेलं. आता गाईंचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही."

"खतानं कधी नुकसान होतं का?" दिवाणजी हसले.

"कुरणापर्यंत कशाला जायचं? इथंच बघा. सरकारांनी कृपेचं खत टाकलं आणि दरबारातही एकाच तऱ्हेचं गवत माजलं."

राजेसाहेब लालबुंद झाले. दरबाराकडे वळून गरजले, "खरं आहे हे?"

"साफ खोटं, सरकार!" सगळे एका सुरात ओरडले आणि एकदमच कमरेत वाकले.

पंत म्हणाले, "वारा सुटला की तेही असंच वाकतं."

पंतांना हद्दपार केलं गेलं. 'असं करू नका' म्हणणारं दरबारात कुणी उरलंच नव्हतं.