अकरा भोकांची होडी

"माझी होडी भंगार? रखमाजी, जीभ फार चालते तुझी!"

महाराज तळ्याच्या घाटावर पाय आपटत होते. होडी तीस वर्षांची. अॅल्युमिनियमची, म्हणजे लोकांच्या बोलीत जर्मनची. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, अंगभर पोचे आणि तळाला जांभळाएवढी अकरा भोकं! म्हातारा नावाडी रखमाजी भोई एवढंच म्हणाला होता, "सरकार, आता हिला भंगारात द्यावी."

"आता तूच विक तिला!" महाराज कडाडले. "आठ दिवसांत! होडी म्हणून, पाण्यात असताना! भोक बुजवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, आणि किंमत नव्या होडीची! नाही जमलं तर नोकरी गेली आणि घाटावरची झोपडीही गेली!"

रखमाजी मटकन खाली बसला. त्याची लेक हौसा मात्र भोकं मोजत होती.

बाजाराच्या दिवशी तिने घाटावरून हाळी दिली, "या हो या! अकरा भोकांची होडी!"

"बुडते का गं?" एका कुंभाराने विचारलं.

"छे! काठोकाठ भरते, पण बुडत नाही. दोन्ही टोकं बंद डब्यासारखी पोकळ आहेत ना!"

"मग बसायचं कुठे?"

"पाण्यात! उन्हाळ्यात बरं वाटतं!"

सगळा बाजार खो खो हसला. गिऱ्हाईक मात्र एकही मिळालं नाही. रखमाजीने गाडगी-मडकी बांधायला घेतली.

पाचव्या दिवशी हौसा भरलेल्या होडीत हात घालून बसली होती. हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं आणि ती किंचाळलीच. हातभर लांब मरळ! होडीच्या काठावरून उडी मारून मासा आत आला खरा, पण भोकांतून बाहेर पडायला त्याला वाट नव्हती.

हौसा टुणकन उठली. "बाबा, मडकी सोडा! जाळं काढा!"

आठव्या दिवशी महाराज घाटावर आले ते धुसफुसतच. सोबत शेजारच्या संस्थानचे राजेसाहेब. जेवताना ते हसत म्हणाले होते, "तुमच्याकडे मासा नेहमी कालचाच असतो बुवा!"

"विकली का होडी?" महाराज गरजले.

हौसाने होडीवरचं जाळं बाजूला केलं. आत वीस मरळ सळसळत होते!

"सरकार, तीन दिवसांपूर्वी धरलेत. भोकांतून ताजं पाणी येतं-जातं, मासा तेवढा जात नाही. पाहिजे तेव्हा काढा, थेट कढईत टाका!"

"मी घेतो!" राजेसाहेब ओरडले. "नव्या होडीची किंमत देतो!"

"माझ्या तळ्यातली होडी तुमच्याकडे?" महाराज उसळले. "मी दुप्पट देतो!"

"दिली, सरकार!" हौसा म्हणाली.

राजेसाहेब पोट धरून हसायला लागले. "अहो, पण होडी कुणाची?"

महाराजांचा आ वासलेलाच राहिला. "पोरी! माझीच होडी मला विकलीस?"

"कुणाला विकायची नाही, ते आपण सांगितलंच नव्हतं, सरकार! आणि भोकं अकराच्या अकरा आहेत. मोजून घ्या!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी होडीत पडली आणि एक मरळ तिच्यात जाऊन बसला! झोपडी त्यांनी तिथेच हौसाच्या नावावर केली. होडीची दुप्पट किंमतही तिच्याच ओच्यात घातली.

रखमाजीने आनंदाने डोळे पुसले, घाटाला बांधलेल्या महाराजांच्या नव्या कोऱ्या मोटारबोटीकडे पाहिलं आणि हात जोडून विचारलं, "सरकार, हिला भोकं कधी पाडायची?"