शून्यावर आणलेली कळ

एकदा एका संगीत नाटकमंडळीपुढे पेच पडला. मिक्सर नवा घ्यायचा होता. चटणीचा नव्हे हो, ध्वनीचा! रंगमंचावरचे सारे आवाज ज्यातून प्रेक्षागृहात जातात, तो. जुना ॲनालॉग, म्हणजे सगळे दर वेळी हातानेच लावायचा, मिक्सर खरखरू लागला होता. आता पुन्हा तसाच घ्यावा की डिजिटल? मालकांनी निर्णय वृद्ध ध्वनिसंयोजक तात्यांवर सोपवला आणि पारखण्यासाठी एक डिजिटल मिक्सर मागवून दिला.

तात्यांचा शिष्य मकरंद त्या यंत्रावर बेहद्द खूश झाला. एकदा आवाजांची जुळवणी करून साठवली, की एका बटणासरशी सगळे जिथल्या तिथे! नाहीतर तात्यांची तऱ्हा. प्रयोग संपला की जुन्या मिक्सरच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या साऱ्या सरकत्या कळा ते शून्यावर ओढून ठेवत आणि पुढच्या वेळी त्याच नाटकासाठी पहिल्यापासून सुरुवात करत. "तात्या, लावलेलं पुसता कशाला? जिवाला उगाच ताप," मकरंद कुरकुरे. तात्या नुसते हसत.

त्या रविवारी दुपारचा प्रयोग होता. मंडळीच्या ज्येष्ठ गायिका शैलजाबाई लांबलचक आजारपणानंतर प्रथमच उभ्या राहणार होत्या. तोंडाला रंग लावतानाच त्या म्हणाल्या होत्या, "आज गळ्यानं साथ दिली नाही, तर हा रंग शेवटचा. लोकांनी माझी कीव करावी, हे मला सोसायचं नाही." ऐकून मकरंद धास्तावला. बाईंच्या गाण्यापायीच तर तो या धंद्यात पडला होता. पण तालमीत केलेली त्यांच्या आवाजाची जुळवणी यंत्रात जशीच्या तशी होती. घाबरायचे कारण काय?

पडदा उघडला, मकरंदने बटण दाबले आणि पहिल्याच पदाला घोटाळा झाला. तालीम झाली होती रिकाम्या प्रेक्षागृहात, ताज्या गळ्यावर. आज प्रेक्षागृह गच्च भरलेले आणि बाईंचा आवाज दमलेला. तो पोचेना म्हणून मकरंदने त्यांची कळ वर सारली, तशी स्पीकरमधून कर्कश शिट्टी घुमली. बाईंनी कानावर हात नेला. ओळ अर्ध्यावर तुटली. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली.

मकरंद तात्यांकडे वळला. "तात्या, जुना जोडू का?"

तात्या पुढे झाले आणि त्यांनी बाईंची कळ सरळ शून्यावर ओढली.

"अहो तात्या, काय करता हे! बाईंचा आवाजच गेला की!"

"गप्प. ऐक."

शिट्टी थांबली. ऑर्गनवाल्याने सूर धरून ठेवला होता. त्या सुरावर बाईंनी ओळ पुन्हा उचलली, नुसत्या गळ्याने. आवाज लहान होता, थोडा घोगरा होता, पण सुरात होता. तो ऐकू यावा म्हणून प्रेक्षक आपोआप शांत झाले. तात्या डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी कळ किंचित वर नेली, आवाजातला कर्कशपणा कमी केला, पुन्हा ऐकले, आणखी किंचित वर नेली. बाईंचा चेहरा सैलावला. पद संपले तेव्हा 'वन्स मोअर'ने छप्पर दणाणले, आणि मकरंद खुशाल रडला.

प्रयोगानंतर तो खाली मान घालून म्हणाला, "चुकलो मी. ॲनालॉगच घ्या, तात्या."

"छे! हाच घ्यायचा," तात्या म्हणाले. "कुणाचा माईक कोणता, कुठली तार कुठे, हे राहू दे की त्याच्या लक्षात. आपली तेवढी धावपळ वाचेल. अरे, मी कळा शून्यावर आणायचो, त्या काय यंत्राची आठवण पुसायला? त्या जुन्या यंत्राला कसली आलीय आठवण! माझी पुसायला. कालचा गळा कानात घेऊन बसलं, की आजचा ऐकूच येत नाही. तू मघाशी तालमीतल्या शैलजाबाईंना सांभाळत होतास, आणि इथे उभ्या होत्या त्या बिचाऱ्या एकट्या पडल्या. माणूस स्वतः कुठवर पोचतोय ते आधी ऐकावं, मग उरलेलं आपण द्यावं. मिक्सर कुठलाही असो."

तेवढ्यात शैलजाबाई आल्या. तोंडावरचा रंग अजून तसाच होता.

"मकरंदा, पुढचा प्रयोग कधी रे?"

"शनिवारी, बाई."

"मग जरा लवकर ये. तोवर गळा कसा असेल, कुणास ठाऊक!"

"येतो," मकरंद म्हणाला आणि त्याने त्यांची कळ हलकेच शून्यावर आणली.