पहिली पाळी पाणथळीची

एका डोंगरगावात एकदा एक वृद्ध पाटकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. तळ्याचे पाणी कोणाच्या शेतात केव्हा सोडायचे, हे ते ठरवत आणि गाव त्यांचा शब्द मोडत नसे. त्यांची एक रीत मात्र लोकांना चमत्कारिक वाटे. दर आठवड्याची पहिली पाळी ते गावाखालच्या पाणथळीला देत. तिथे ना पीक, ना मालक. नुसते लव्हाळे आणि बगळे.

वय झाल्यावर त्यांनी हे काम केरबा नावाच्या शिष्याकडे सोपवले. केरबा कष्टाळू, पण जिवाला घोर लावून घेणारा. त्यातून उन्हाळा कडक. तळे भरणारा डोंगरातला झरा आटला तर चाळीस घरांना गाव सोडावे लागेल, या धास्तीने त्याने पाणथळीची पाळीच बंद केली. गावाने त्याची पाठ थोपटली.

पण महिनाभरात झऱ्याची धार करंगळीएवढी उरली. केरबाचे धाबे दणाणले. तो धावत आबांकडे गेला. आबांनी सारे ऐकून घेतले, काठी उचलली आणि तळ्यावर जाऊन पाणथळीच्या पाटाचे पाणी अडवणारी फळी वर ओढली.

"आबा, हे काय करताय!" केरबाने त्यांचा हात धरला. "माणसांना प्यायला पुरंना, अन् तुम्ही बगळ्यांना पाजताय?"

आबा त्याला झऱ्याच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या राईत घेऊन गेले. एका खोडावरचे शेवाळ त्यांनी दाखवले. केरबाने हात लावताच त्याचा भुगा झाला.

"हे उन्हाळ्यातही ओलं असायचं," आबा म्हणाले. "पाणथळीची वाफ वाऱ्यासंगं वर यायची, पहाटे धुकं होऊन या झाडांना अडायची, थेंबाथेंबानं मुळाशी उतरायची. त्यावर झरा तग धरायचा. तू खाली फळी लावलीस अन् इथली ओल तुटली. पावसाचे ढगही असेच दूरच्या समुद्रांवरून, रानांवरून येतात. तिथं कुणी फळी लावून बसलं असंल तर आपण काय करणार, याचीच मला काळजी वाटते."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"रीत दिली, कारण द्यायचं राहिलं. चूक माझी."

"आता धुकं येईल?"

"ठाऊक नाही, पोरा."

पुढच्या पाळीला सारा गाव तळ्यावर जमला. रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका केरबाला बोल लावत होत्या. धुके अजून आले नव्हते. केरबाने पाणथळीची फळी उचलली, लोकांकडे तोंड केले आणि कारण सांगायला सुरुवात केली.